मृगातील तेजोमेघ आणि तिपाईवरचा कॅमेरा

प्रश्न : साध्या डीएसएलआरने, ५० मिमी लेन्स लावून मृग नक्षत्रातील तेजोमेघ टिपताना तारे रेघांसारखे उमटतात. ट्रॅकर (आकाशाच्या गतीने कॅमेरा फिरवणारे यंत्र) घ्यावाच लागेल का?

उत्तर : इतक्यात नको. पृथ्वीच्या परिवलनामुळे तेथील आकाश सेकंदाला सुमारे १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकते, म्हणून एका छायाचित्राचा अवधी चार सेकंदांपलीकडे नेऊ नये. अमावास्येच्या आसपास, शहराबाहेरून अशी शंभर छायाचित्रे घेऊन ती ‘डीपस्कायस्टॅकर’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकमेकांवर रचल्यास प्रकाशाच्या तुलनेत नॉइज (चित्रातील दाणेदारपणा) सुमारे दहापट घटतो. लेन्सवर झाकण लावून, त्याच आयएसओवर (कॅमेऱ्याच्या संवेदनशीलतेच्या मापावर) आणि त्याच गारव्यात, वीसेक काळी छायाचित्रेही घ्यावीत; त्यांच्या आधारे सेन्सरचा स्वतःचा नॉइज वजा करता येतो. कंटाळा नेमका इथेच केला जातो. तेजोमेघाची लाल छटा मात्र फिकीच येईल, कारण कॅमेऱ्यातील फिल्टर हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवतो.