घरात आकडाच कुणाला माहीत नव्हता

"नवऱ्याचा स्वतःचा धंदा आहे. कमाई बरी आहे, पण कागदावर दाखवलेली नाही. त्याच कागदाच्या जोरावर घरात सरकारी मदत येते. बोलायला गेलं की भांडण होतं, गप्प बसलं तर झोप लागत नाही. मी काय करू?"

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडून येतो. कधी बायको विचारते, कधी सून, कधी कॉलेजात जाणारी मुलगी. उत्तरादाखल एका कुटुंबाची हकीकत सांगते. दोघांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती चाळिशीच्या अलीकडची. नवरा एसी, फ्रिज, वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. आधी एका सर्व्हिस सेंटरमध्ये पगारावर होता. 2020 च्या टाळेबंदीत ती नोकरी गेली आणि त्याने स्वतःची कामं घ्यायला सुरुवात केली. आता हाताखाली एक मुलगा आहे आणि उन्हाळ्यात तर जेवायला फुरसत नसते. मोठी मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, धाकटा नववीत. शिधापत्रिका केशरी, पगारसुद्धा जेमतेम होता त्या काळातली.

2024 च्या जुलैमध्ये 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचा अर्ज भरला गेला. फॉर्म नवऱ्यानेच आणला. केशरी कार्ड असल्यामुळे उत्पन्नाचा दाखला लागला नाही, फक्त हमीपत्रावर तिची सही लागली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या वर नाही, असं त्या हमीपत्रात लिहिलेलं असतं. तिने ते वाचलं नव्हतं. ऑगस्टमध्ये दोन महिन्यांचे मिळून 3,000 रुपये जमा झाले आणि त्या दिवशी तिला मनापासून आनंद झाला होता. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढच्या सगळ्या भांडणात हा आनंद कुणी लक्षातच घेतला नाही.

ठिणगी पडली 2025 च्या सप्टेंबरात. योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली आणि त्यात लाभार्थी बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधारही द्यावा लागतो, ओटीपी त्याच्याही मोबाईलवर येतो, हे कळल्यावर तिचा हात थांबला. नवरा म्हणाला, "दाब ना बटण, सगळ्या बायका करतायत." ती म्हणाली, "तुमचा धंदा दिसला तर?" वेगळी राहणारी जाऊ फोनवर म्हणाली, "तू काही खोड काढू नकोस, तुझ्यापायी माझंही बंद व्हायचं." सासूबाईंनी "घरातली गोष्ट घरात ठेवा" म्हणून विषय बंद केला. मग चार-पाच दिवस अबोला.

पहिल्यांदा ती एकटीच आली. बसल्या बसल्या विचारलं, "ताई, मला पोलीस धरतील का?" आणि पर्समधून पासबुक काढलं. ते पान माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. एसी सर्व्हिसिंगचे 550, गॅस भरल्याचे 2,800, पुन्हा 550, मध्येच सरकारचे 1,500, पुन्हा 1,200, 900. नवऱ्याच्या बाईकला अडकवलेला क्यूआर कोड तिच्या खात्याचा होता. कमाई त्याची, खातं तिचं, हमीपत्रावर सही तिची. "मी तर घरी बसलेली बाई, आणि कागदावर सगळं मीच," ती म्हणाली.

अशा वेळी समुपदेशकाकडून लोकांच्या दोन अपेक्षा असतात. एक तर मी नवऱ्याला दोष द्यावा, नाहीतर "जाऊ दे, सगळेच करतात" म्हणून तिच्या मनावरचं ओझं काढून टाकावं. मी दोन्ही करत नाही. अडीच लाखांवर कमाई असताना तसं नाही असं लिहून देणं चूकच आहे आणि ते मी तिला त्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. पण भीतीच्या भरात कुठलाही कागद फाडू नका, पैसे दुसऱ्या खात्यात फिरवू नका, हेही सांगितलं. आणि पुढच्या वेळी नवऱ्याला घेऊन या म्हटलं.

तो आला, पण खुर्चीच्या टोकावर बसला. पहिला प्रश्न त्याचा: "तुम्ही कुठे कळवणार आहात का?" मी म्हटलं, नाही, ते माझं काम नाही. इथलं बोलणं इथेच राहील. पण खोट्या कागदावर सही करा असंही मी कुणाला सांगणार नाही. त्यावर तो जरा मागे रेलला आणि बोलायला लागला.

"बंगलेवाल्या बायका पैसे घेतात, ताई. आम्ही घेतले तर आम्ही चोर?"

या वाक्यावर बरेच जण वाद घालतात. मी घातला नाही. त्याच्या बोलण्यात राग होता आणि रागाखाली दुसरं काहीतरी होतं, ते थोड्या वेळाने आलं. नोकरी गेली तेव्हा दोन महिने घरात एक रुपया आला नव्हता. बायकोची माळ गहाण पडली होती. "एकदा कागदावर मोठा आकडा लागला की तो खाली येत नाही. डिसेंबरात फोन वाजत नाही तेव्हा कोण विचारायला येतं?" पगारदार माणसाला हे चटकन कळत नाही. स्वतःचा धंदा करणाऱ्याला चांगला महिना आला तरी तो आपला वाटत नाही, पुढच्या वाईट महिन्यासाठी तो आधीच खर्ची पडलेला असतो. त्यामुळे हा माणूस खोटं बोलत होता आणि तरीही स्वतःला गरीबच समजत होता. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

मग मी विचारलं, वर्षाची निव्वळ कमाई किती? तो म्हणाला, "असेल दोन-अडीच." ती म्हणाली, "आठ-दहा तरी." दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. पाच वर्षं चाललेल्या एकाच धंद्याबद्दल एका घरात राहणाऱ्या दोघांच्या मनात इतके वेगळे आकडे! सरकारपासून लपवता लपवता तो आकडा त्याने बायकोपासूनही लपवला होता, आणि मोजायचा टाळून स्वतःपासूनही. अशा घरांमध्ये मला हे जवळजवळ दर वेळी दिसतं. भांडण प्रामाणिकपणावरून चाललंय असं वाटतं, पण भांडणाऱ्यांपैकी एकालाही रक्कम माहीत नसते. म्हणून मी नीती-अनीतीचं बोलणं बाजूला ठेवलं आणि काम दिलं: मागच्या आर्थिक वर्षाचा हिशोब दोघांनी मिळून मांडा. पासबुकं, त्याची कामाची डायरी, सुट्या भागांच्या दुकानदाराची बिलं, पेट्रोल, मदतनिसाचा पगार. रोखीचं जे लक्षात असेल ते दोघांच्या संमतीने.

तीन आठवडे लागले. मध्ये एकदा डायरीवरून पुन्हा जुंपली. पण आकडा निघाला: खर्च वजा जाता पावणेपाच लाखांच्या आसपास. त्याने धरला होता त्याच्या जवळपास दुप्पट, आणि तिने भीतीपोटी धरला होता त्याच्या जवळपास निम्मा.

आता एकेक गोष्ट त्या आकड्यासमोर ठेवली. लाडकी बहीणची मर्यादा अडीच लाख, म्हणजे त्यात ती बसत नव्हती. यात दुमत व्हायला जागाच नव्हती. केशरी शिधापत्रिका एक लाखापर्यंतच्या उत्पन्नाची, तीही बसत नव्हती. जावेची काळजी मात्र फुकट होती. या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुलं. जाऊ वेगळी राहते, तिचं कार्ड वेगळं, तिचा हिशोब वेगळा.

मुलीच्या फीचं ऐकून मात्र दोघंही गप्प झाले. 2024-25 पासून राज्यात इतर मागासवर्ग, आर्थिक दुर्बल घटक आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, आणि त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा आठ लाखांची आहे. वडिलांनी तहसीलमधून दाखला काढला होता 96,000 रुपयांचा. खरे पावणेपाच लाख लिहिले असते तरी सवलत मिळाली असती! इकडे मुलीने आईवडिलांचं भांडण भिंतीआडून ऐकलं होतं आणि आईला विचारलं होतं, "माझी ॲडमिशन खोटी आहे का गं?" ती महिनाभर कॉलेजात मन लावून बसू शकली नव्हती. मर्यादेच्या आत असल्याने चुकीचा दाखला बरोबर ठरत नाही, हे मी वडिलांना सांगितलं. पुढचा दाखला खऱ्या आकड्याचा काढा आणि हे मुलीला तुम्ही स्वतः सांगा, आईकडून नको.

आयकराचं ओझं तर त्याने उगाच वाहिलं होतं. 2024-25 या आर्थिक वर्षासाठी नव्या कररचनेत सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, 2025-26 साठी ही मर्यादा बारा लाखांची झाली. विवरणपत्र मात्र भरावं लागतं, कारण मूळ सूट अनुक्रमे तीन आणि चार लाखांचीच आहे. कर लागत नाही म्हणजे विवरणपत्र नको, असा समज छोट्या व्यावसायिकांत सर्रास आहे. मागच्या वर्षांचं काय करायचं ते मी सांगू शकत नाही. त्यासाठी त्यांना कर सल्लागाराकडे पाठवलं, आणि दोघांनी मिळून जायचं अशी अट घातली.

एक गोष्ट तिने पुढच्या भेटीत काढली. खरी जखम तीच होती. नवऱ्याला सामान नेण्यासाठी छोटा टेम्पो घ्यायचा होता. घरात चारचाकी असली की योजनेतून नाव जातं, ट्रॅक्टर तेवढा चालतो. म्हणून टेम्पो धाकट्या भावाच्या नावावर घ्यायचं ठरलं होतं. पैसे यांचे, नाव भावाचं. "पंधराशे रुपयांसाठी लाखांची वस्तू दुसऱ्याच्या नावावर? उद्या यांना काही झालं तर मी काय दाखवू?" ती रडत नव्हती, चिडली होती, आणि तिचं चिडणं रास्त होतं. मी त्याला म्हटलं, रस्त्यावर बाईक चालवणारा माणूस आहात. अपघात झाला तर भरपाई ठरवताना न्यायाधिकरण तुमचं उत्पन्न बघतं, आणि ते सिद्ध करायला कागद लागतो. आज 96,000 चा दाखला तुम्हाला सोयीचा वाटतो, तोच त्या दिवशी हिच्या हातात असेल. तो बराच वेळ काही बोलला नाही. बायकोच्या भीतीला तोवर तो घाबरटपणा समजत होता.

आता पंधराशेचं. नवऱ्याला वाटत होतं की ते बंद केले की प्रश्न मिटला. मला तसं वाटत नव्हतं. त्या पैशांतून तिने काय घेतलं ते मी विचारलं होतं: चष्मा, मुलाची सहल, माहेरी जाताना बहिणीला साडी. लग्नानंतर पहिल्यांदा न विचारता खर्च केलेले पैसे होते ते. ते सोडायला सांगताना नवऱ्याच्या पदरचं काहीच जाणार नव्हतं, जाणार होतं ते तिचंच. आणि गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे, वेळा ठरवायच्या, कुणाचे पैसे आले कुणाचे राहिले ते बघायचं, हे सगळं काम तीच करत होती. तिच्या तोंडी मात्र "मी घरी असते." मी एवढंच विचारलं की हे काम करायला बाहेरची मुलगी ठेवली तर तिला किती द्याल? त्याने प्रामाणिकपणे आकडा सांगितला. तो पंधराशेपेक्षा पुष्कळ जास्त होता. दर महिन्याच्या पाच तारखेला तिच्या खात्यात धंद्यातून ठराविक रक्कम जमा करायची आणि क्यूआर कोड त्याच्या स्वतःच्या खात्याचा लावायचा, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं. रक्कम किती यावर घासाघीस झाली, ती मी होऊ दिली.

तिने ई-केवायसी केली नाही. आपण पात्र नाही, लाभ बंद करावा, असा अर्ज लिहून तालुक्याच्या कार्यालयात दिला आणि पोच घेतली. आधी मिळालेल्या रकमेबाबत काय करावं, हेही त्याच अर्जात लेखी विचारा, असं मी सुचवलं होतं. सासूबाईंना हे आवडलं नाही. "आलेली लक्ष्मी परत पाठवतात का?" म्हणाल्या. त्यांच्याशी बोलायला मी जाऊ का, असं मी विचारलं. नवरा म्हणाला, "नको, आईशी मी बोलतो." पहिल्या भेटीत खुर्चीच्या टोकावर बसलेल्या माणसाने हे म्हणणं मला महत्त्वाचं वाटलं.

सगळं सरळ झालं असं नाही. तो अजूनही काही कामं रोखीने घेतो आणि डायरीत लिहायला विसरतो, मग ती चिडते. मुलीच्या तिसऱ्या वर्षासाठी नवा दाखला काढताना आकडा एकदम एवढा कसा वाढला हे तलाठ्याने विचारलं, तेव्हा त्याला घाम फुटला, पण हिशोबाची वही सोबत होती. टेम्पोसाठी बँकेने आणखी एका वर्षाचं विवरणपत्र मागितलंय. जुना टेम्पो भावाच्या नावावर आत्ताच घेऊ, असं तो अधूनमधून म्हणतो. तिचं म्हणणं, थांबू, पण आपल्याच नावावर घेऊ. पुढच्या भेटीचा विषय तोच आहे.