ग्वाल्हेरला आजीपासून नातवापर्यंत नऊ जण येतोय, सिटी टूर घ्यावी की आपली गाडी करावी?

तुमचा प्रश्न वाचला. नऊ जण, आजी ७६ वर्षांच्या आणि गुडघे दुखतात, सगळ्यात धाकटा पाच वर्षांचा, मधे दोन कॉलेजवाले, डिसेंबरात दोन दिवस, आणि कुणीतरी तुम्हाला एका दिवसात दहा पॉइंट दाखवणारी टूर सुचवलीये ती घ्यावी का. नका घेऊ.

मी मूळची नाशिकची, लग्न होऊन लश्करात आले त्याला बावीस वर्षं झाली (लश्कर म्हणजे आर्मी नाही हो, १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी इथे आणली तेव्हा त्यांची छावणी जिथे पडली तो शहराचा भाग). तेव्हापासून माहेरचे, सासरचे, जावेच्या माहेरचे असे जे कोणी येतात त्यांना किल्ला दाखवणं हे माझ्याकडे बिनपगारी कामच आहे.

दहा पॉइंटवाल्या टूरची गोष्ट ऐका. चार वर्षांपूर्वी माझ्या मावशीने मला न विचारता तशीच एक बुक केली. ड्रायव्हरने सगळ्यांना गूजरी महालापाशी उतरवलं आणि म्हणाला, आप लोग यहाँ से चढ़ जाइए, मैं ऊपर मिलता हूँ. आता किल्ल्यावर जायच्या वाटा दोन. एक ग्वाल्हेर दरवाजाकडून, म्हणजे गूजरी महालाच्या बाजूने, ती पायी चढायची, चांगली दमवणारी चढण आहे. दुसरी उरवाई दरवाजाकडून, तिथून गाडी थेट वर जाते. हे मावशीला कसं माहीत असणार? अर्ध्या चढावर ती कठड्यावर बसली ती बसलीच, काका घामाघूम, आणि मग पुढचे सहा पॉइंट त्या दोघांनी गाडीत बसून काचेतून बघितले. पैसे मात्र पूर्ण दिले.

म्हणून टूरवाल्याला पहिला प्रश्न विचारायचा तो रेटचा नाही, उरवाईने वर नेणार का हा विचारायचा. गाडी मोठी असेल तर ती वर जाणार की खालीच उभी राहणार हेही तेव्हाच विचारा, रस्ता अरुंद आहे. नऊ जणांसाठी मी तरी दोन लहान गाड्याच करेन दिवसभरासाठी, कारण आजी दमल्या की एक गाडी त्यांना घेऊन हॉटेलवर जाऊ शकते आणि बाकीच्यांचं काही अडत नाही. एकच टेम्पो ट्रॅव्हलर असला की एकाला घरी जायचं तर सगळ्यांनाच जावं लागतं, आणि मग भांडणं सुरू, आमच्याकडे झालीत.

आणि सगळ्यांनी सगळं एकत्रच बघायचं हा हट्ट सोडा. कॉलेजवाल्या दोघांना सकाळी गूजरी महालापाशी सोडा. राजा मानसिंह तोमरने मृगनयनी राणीसाठी बांधलेला महाल, आता तिथे म्युझियम आहे, सोमवारी बंद असतं. ग्यारसपूरची शालभंजिका, म्हणजे स्त्रीची ती प्रसिद्ध दगडी मूर्ती, तिथेच आहे, समोर दिसली नाही तर स्टाफला विचारायला सांगा. तिथून ते पायी चढतील तेव्हा वाटेत चतुर्भुज मंदिर लागतं, खडकात कोरलेलं, इतकं छोटं की न बघताच माणूस पुढे निघून जातो. त्याच्या आत सन ८७६ चा शिलालेख आहे, त्यात एका बागेची लांबी २७० हात लिहिलीये आणि त्यातलं शून्य आपण आज काढतो तसंच गोल आहे. माझा इंजिनिअर भाचा त्या शून्यासमोर दहा मिनिटं उभा होता, नाहीतर तो कुठे मोबाईलमधून मान वर काढतो!

तोवर बाकीचे सात जण उरवाईने गाडीतून येतील. त्या रस्त्याच्या कडेला कड्यात कोरलेल्या तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती आहेत, पंधराव्या शतकातल्या, एक तर ५० फुटांहून उंच. गाडी जरा हळू घ्यायला सांगा, आजींना खिडकीतून सगळं दिसतं, उतरायची गरज नाही. मग सगळ्यांनी मान मंदिरापाशी भेटायचं (नावात मंदिर असलं तरी हा मानसिंहाचा महाल आहे). बाहेरच्या भिंतीवरच्या निळ्या टाईल्स आणि त्यातली पिवळी बदकं, पाच वर्षांच्या मुलाला बदकं मोजायला लावा, अर्धा तास निघतो. आत तळघरात गोल खोल्या आहेत, जिने अरुंद आणि अंधारे, तिथे आजींना अजिबात नेऊ नका, लहान्यालाही हात धरूनच. याच किल्ल्यावर औरंगजेबाने सख्ख्या भावाला, मुरादला, कैदेत ठेवून १६६१ मध्ये मारलं, हे गाईड रंगवून सांगतात, मोठ्यांना आवडतं. गाईड घ्या, पण कार्ड बघून, आणि पैसे आधी ठरवून.

किल्ला वरून सपाट असला तरी लांबलचक आहे. सास-बहू मंदिर एका कडेला, तेली का मंदिर दुसऱ्या कडेला, म्हणजे गाडी वर हवीच. सास-बहू हे नाव सहस्रबाहूचं झालंय, १०९३ चं विष्णूचं मंदिर, कोरीवकाम बघत राहावं असं आणि कठड्यावरून खालचं अख्खं शहर दिसतं. सासूबाईंसोबत तिथे फोटो काढायचा इथे रिवाजच आहे, माझाही आहे, दोघींची तोंडं बघण्यासारखी आहेत. तिथून गुरुद्वारा दाताबंदी छोड, गुरु हरगोबिंदांनी जहांगिराच्या कैदेतून ५२ राजांना सोबत सोडवून नेलं ती आठवण. दुपारी दीड-दोनला तिथे पोचलात तर लंगरमध्ये जेवा, सावली आहे, बसायला जागा आहे, म्हाताऱ्यांना एवढंच हवं असतं.

झाला पहिला दिवस. यात आणखी काही कोंबू नका. संध्याकाळी मान मंदिराबाहेर लाइट अँड साउंड शो असतो, पण डिसेंबरात उघड्यावर बसून हाडं गारठतात, ज्यांना हौस आहे त्यांनी शाल-टोपी घेऊन जावं.

दुसऱ्या दिवशी जयविलास पॅलेस. जयाजीराव शिंद्यांनी १८७४ मध्ये बांधला, दरबार हॉलमध्ये दोन झुंबरं आहेत, प्रत्येकी साडेतीन टनांच्या आसपास, आणि ती छताला पेलतील का बघायला आधी हत्ती वर चढवले होते असं सांगतात. खाली जेवणाच्या टेबलावर रुळांवर फिरणारी चांदीची आगगाडी, ती बघितल्यावर तुमचा धाकटा तिथून हलणार नाही. खोल्या मात्र संपता संपत नाहीत, म्हणून आजींना आधी आगगाडी आणि मग झुंबरं दाखवून टाका, बाकी शस्त्रं-पालख्या नाही बघितल्या तरी चालतं. आठवड्यातून एक दिवस पॅलेस बंद असतो, तारीख ठरवायच्या आधी तेवढं बघून घ्या.

त्यानंतर फूलबागेजवळ झाशीच्या राणीची समाधी, सपाट जागा, पंधरा मिनिटं, आजींसाठी मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची जागा हीच. माझी आई तिथे काही न बोलता पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली होती. मग हजीरा भागात सूफी संत मोहम्मद गौसच्या मकबऱ्याच्या आवारात तानसेनाची कबर आहे, बाजूच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो म्हणतात. मी खाल्लाय, काही फरक नाही. डिसेंबरात तानसेन समारोह, म्हणजे शास्त्रीय संगीताचा उत्सव असतो, तारखा जुळल्या तर एक संध्याकाळ तिकडेच घालवा, दहा पॉइंट एकीकडे आणि ती एकीकडे. सूर्य मंदिर वेळ उरला तर, नाहीतर सोडा. कॉलेजवाल्यांना आणखी काही हवं असेल तर त्यांनी एक गाडी घेऊन मुरैना जिल्ह्यातली बटेश्वर आणि मितावलीची जुनी मंदिरं करून यावीत, मितावलीला पायऱ्या बऱ्याच आहेत, त्यामुळे आजी तेव्हा बाड्यावर.

बाडा म्हणजे महाराज बाडा, लश्करातला बाजाराचा चौक. सकाळी बेढई (डाळ भरलेली पुरी) आणि जिलेबी, येताना बहादुरा या दुकानाचे लाडू, थंडीत आलाच आहात तर तिळाची गजकही. गजक कडक असते, आजींच्या दातांचं बघून घ्या.

गाड्यांचं एक राहिलं. डिसेंबरच्या शेवटाला इकडे धुकं पडतं, ट्रेन तासन्‌तास लेट होतात, म्हणून पोचायच्या दिवशी काहीच बुक करू नका. आणि पुढे आग्रा जोडणार असाल तर ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, शुक्रवार ग्वाल्हेरलाच काढा.