खोट कुठंय ते बोट ठेवून सांग

लेकरा,

रात्री पावणेबाराला आलेला तुझा तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज मी दोनदा ऐकला. एकदा तुझं बोलणं ऐकायला, आणि एकदा मागं तू जी गिटार वाजवायलास ती ऐकायला. तू म्हणतोस, "काका, पैसे वाया गेले, गिटार बोगस निघाली." गिटार मात्र वेगळंच सांगायलीय, की जाड्या तारेवर पहिल्या चार फ्रेटला, म्हणजे त्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना, झर्रर्र होतंय, त्याच्या पुढं साफ आहे. तिनं नेमकं सांगितलं. तू नाही सांगितलंस.

मी फोनच करणार होतो, पण तुझ्या मेसेजमधी दोन वाक्यं अशी होती की फोनवर माझा आवाज चढला असता, म्हणून लिहायलोय. त्या वाक्यांवर येतो नंतर.

आठ हजार गेले याचं मला वाईट वाटलं, खरंच. दोन लग्नसराया मंडपवाल्याकडं वायरी ओढून, रात्री दोन-दोन वाजता झालरी उतरवून साठवलेले पैसे आहेत ते, मला माहितीय. पुण्याच्या माणसानं पाच फोटो पाठवले, तू पैसे टाकले, त्यानं गोधडीत गुंडाळून ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकली, आणि मे महिन्यात ती अहमदपूरला उतरली. न वाजवता घेतली हे चुकलंच, पण ते मी तुला परत सांगणार नाही, कारण ते तुझ्या वडलांनी सांगितलंय आणि माझ्यापेक्षा भारी सांगितलंय, की हाळी हंडरगुळीच्या बाजारात आपण दात बघितल्याशिवाय, चालवून बघितल्याशिवाय, औताला जुंपून बघितल्याशिवाय बैल घेत नाही, आणि तू फोटोवर घेतलास. झालं. विषय संपला. आता त्यावर रडत बसू नको.

पण वडलांच्या त्या बोलण्यात अजून एक गोष्ट आहे, ती तू ऐकली नाहीस. बाजारात जाणता माणूस "बैल बोगस आहे" असं कधी म्हणत नाही. तो म्हणतो डाव्या खुराला मार आहे, किंवा खांदा आलाय, किंवा सहा दाती सांगतो पण जुळलेला, म्हणजे आठही दात आलेला, आहे. बोट ठेवून सांगतो. बोट ठेवून सांगितलं की मग इलाज असतो, भाव ठरतो, घ्यायचं का सोडायचं ते कळतं. "बोगस" म्हणलं की सगळं तिथंच बंद. मी तीस वर्षं दुरुस्तीच्या टेबलावर बसलोय आणि मला एवढी एकच गोष्ट कळलीय, खोट कुठंय ते बोट ठेवून सांगायचं, दुसऱ्याला सांगायच्या आधी स्वतःला सांगायचं.

तर आता बघ. गिटार मांडीवर घे. जाडी ई ची तार पहिल्या फ्रेटवर डाव्या हातानं दाब, आणि जिथं नेक, म्हणजे गिटारची लांब मान, बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर उजव्या हातानं दाब. दोन्हीकडं दाबली की तार पट्टीसारखी सरळ होते. मग सातव्या-आठव्या फ्रेटपाशी बघ, तार आणि फ्रेटच्या मधी फट दिसती का. बारीक फट पाहिजे, जाड कागद जाईल एवढी, पाव मिलिमीटरच्या आसपास. तुझ्या गिटारला मला वाटतं फटच नसणार, तार फ्रेटला टेकलेली असणार. म्हणजे नेक जास्त सरळ झालीय किंवा मागं गेलीय, म्हणून खालच्या फ्रेटला तार घासायलीय. हे मी आवाजावरून सांगायलोय, चुकूही शकतो, पण तू दोन मिनिटात बघू शकतोस, आणि तीन आठवडे झाले तू बघितलं नाहीस, नुसता "बोगस बोगस" करायलास, याचा मला राग येतो.

असं कामून होतं तेही ऐक. सहा तारांचा मिळून त्या नेकवर चाळीस किलोच्या आसपास ताण असतो. युरियाची गोणी ४५ किलोची, तिच्याजवळ जाणारं वजन त्या बोट-सव्वा बोट जाडीच्या लाकडाला चोवीस तास ओढत असतं. त्या ओढीला तोंड द्यायला नेकच्या आत लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. हवा कोरडी पडली की लाकूड आक्रसतं आणि हा सगळा तोल हलतो. आपल्याकडचा मे महिना तुला सांगायला पाहिजे का? नेकच्या कडेवरून हात फिरव, फ्रेटची टोकं टोचायलेत का बघ, टोचत असतील तर लाकूड आक्रसलंय एवढं पक्कं समज. मग ट्रस रॉड पाव फेरा ढिला करायचा, परत सुरात लावायची, परत फट बघायची. पाव फेरा म्हणजे पाव फेरा. ॲलन की बरोबर मापाचीच लागती, नाहीतर आतलं तोंड घासून जातं आणि मग खरंच वाया जाईल. जोर लावायची वेळ आली तर थांब, माझ्याकडं ये.

व्हॉल्यूमचा नॉब फिरवला की खरखर होते म्हणलास, ती धूळ आहे, कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आणि वीस-तीस वेळा नॉब फिरवणं, बस. घूं होतं ते तारेला हात लावल्यावर कमी होत असेल तर घाबरायचं कारण नाही, आपल्या लाइनचे ५० हर्ट्झ आहेत ते, सिंगल कॉइल पिकअप, म्हणजे तारांखालचं चुंबकावरचं एकेरी वेटोळं, ते पकडतोच. पण तारेला हात लावल्यावर जर झिणझिण्या आल्या तर लगेच बंद कर, घरात अर्थिंग आहे का ते आधी बघ. मंडपात काम केलेल्या पोराला हे मी सांगायची गरज नाही, तरी सांगतो.

आणि ब्रिजजवळचा, म्हणजे तारा बॉडीवर जिथं टेकतात तिथला, पिकअप "मेला" म्हणतोस. कुणी सांगितलं मेला? तुझ्याकडं मीटर आहे ना, ज्यानं तू झालरीतला तुटका तुकडा शोधतोस? तोच घे. गिटारची वायर गिटारला लाव, दुसऱ्या टोकाच्या पिनला मीटरच्या दोन काड्या, एक टोकाला एक दांड्याला, व्हॉल्यूम फुल, मीटर वीस हजार ओहमवर. सिलेक्टर, म्हणजे पिकअप निवडायचा स्विच, त्या पिकअपवर टाक. पाच ते आठ हजार ओहमच्या मधी काही आलं तर कॉइल जिवंत आहे. डाव्या बाजूला नुसता "१" आला तर कुठंतरी तुटलंय, पण कुठं? कॉइलमधी, का वायरीच्या जोडात, का स्विचमधी? कॉइलची तार केसाएवढी बारीक असते, हजारो वेढे असतात, ती आत तुटली तर पिकअप बदलावा लागतो. पण ट्रॅव्हल्सच्या डिकीत शेकडो किलोमीटर हादरे खाल्लेल्या गिटारचा बहुतेक वेळा जोड सुटलेला असतो. प्लास्टिकची पट्टी उघड आणि बघ. उघडायला भिऊ नको. ज्या लिओ फेंडरनं १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणली तो मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. दुरुस्ती करणाऱ्यानं दुरुस्त करता यावी अशीच बनवलीय ती, नेकसुद्धा चार स्क्रूवर बसवलेली आहे. तुझी त्याच घाटाची आहे.

मिरजेला सतार करणारे लोक जवारी, म्हणजे तारांखालच्या घोडीचा माथा, घासून देतात ना, वाजवून वाजवून घोडी झिजली की परत घासून घ्यावी लागती, म्हणून कुणी सतार बोगस म्हणत नाही. वाद्य म्हणलं की हे आलंच.

आता त्या दोन वाक्यांवर येतो.

पहिलं, "हिंगोलीचा एक पोरगा घ्यायला तयार आहे, त्याला काही कळत नाही, साडेसातला देऊन टाकतो." दुसरं, अगदी शेवटी, हळूच, "नाहीतर माझ्याच हातात काही नसंल काका."

ही दोन वाक्यं तुला वेगवेगळी वाटत असतील. मला ती एकच वाटतात, आणि कामून वाटतात ते मी आजपर्यंत घरात सुद्धा धड सांगितलेलं नाही.

१९९९ साली माझ्याकडं एक इलेक्ट्रिक गिटार होती. ऑर्केस्ट्रातल्या एकाच्या हाती हैदराबादहून मागवलेली, न बघता, तुझ्यासारखीच. तिच्या नेकला पीळ होता. पीळ म्हणजे बॉडीकडून डोळा लावून बघितलं की एक कड वर जाते, एक खाली. ट्रस रॉडनं वाक जातो, पीळ जात नाही. मला हे चार महिन्यांनी कळलं, आणि ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी ती विकायची ठरवली. दुकानाचं तीन महिन्यांचं भाडं थकलं होतं. मानवतचा एक पोरगा आला, एकोणीस-वीस वर्षांचा. तो यायच्या आधी मी नवीन तारा टाकल्या, पुसून चकचकीत केली, पहिल्या तीन फ्रेटला गोड वाजंल असं ट्यूनिंग लावून ठेवलं, आणि तो आल्यावर स्वतः वाजवून दाखवली. ई मायनर, जी, सी, डी. पाचव्या फ्रेटच्या पुढं माझा हात गेला नाही. त्यानं हातात घेऊन बघितली, दहा मिनिटं वाजवून बघितली, म्हणजे तू जे केलं नाहीस ते त्यानं केलं होतं. शिकाऊ पोराला दहा मिनिटात काय कळणार? ज्याला कळत होतं तो मी होतो, आणि मी गप्प बसलो. २,२०० रुपये घेतले.

दीड महिन्यानं तो परत आला. मला वाटलं भांडायला आला. त्यानं हात पुढं केला आणि विचारलं, "दादा, माझी बोटं आखूड आहेत का हो? वरच्या फ्रेटला काही केल्या सूर लागत नाही." आणि मी त्याचा हात हातात घेऊन बघितला. उजेडात धरून बघितला, करंगळी ताणून बघितली. बोटांच्या टोकाला घट्टे पडले होते, मेहनत केली होती त्यानं. मी म्हणलं, "सराव कर, होईल."

२०१६ ला एका कार्यक्रमाची साउंड लावायला मानवतला गेलो होतो तर तो भेटला, त्यानंच ओळखलं, चहा पाजला. कापसाच्या धंद्यात आहे, बरं चाललंय. मी विचारलं वाजवतो का. म्हणला, "नाही दादा, आपल्या बोटात नव्हतंच ते." सतरा वर्षं त्यानं माझ्या गिटारचा पीळ स्वतःच्या बोटात आहे असं समजून काढली. आणि मी तेव्हाही सांगितलं नाही. चहा पिऊन निघालो.

मलाही हैदराबादवाल्यानं सांगितलं नव्हतं. भाडं भरलं नसतं तर दुकान गेलं असतं, आणि दुकान गेलं असतं तर आज तुला हे सांगायला मी या टेबलावर नसतो. हे सगळं खरं आहे. हे मी स्वतःला किती वेळा सांगितलंय त्याचा हिशोब नाही. पण ते पोरगं विचारायला आलं होतं, तेव्हा पैसे भाड्यात गेलेले होते, तेव्हा तर सांगता आलं असतं ना! माझं काय जाणार होतं?

त्यानंतर उशिरा का होईना मी एक धरलं. दुकानातून जुना अँप जाऊ दे, मिक्सर जाऊ दे, साधा माइक जाऊ दे, त्यावर चिठ्ठी चिकटवल्याशिवाय देत नाही. "डावा चॅनल कधीकधी जातो." "ट्रान्सफॉर्मर गरम होतो, दोन तासानं बंद ठेवा." गिऱ्हाईक चिठ्ठी वाचतं आणि समोरच्या दुकानात जातं, हे रोज बघतो. घरचे म्हणतात एवढं लिहायची काय गरज आहे, लोक विचारतात तेवढं सांगावं. मी ऐकत नाही, आणि या वयात ऐकणारही नाही. "बनी तो बनी, नहीं तो परभणी" म्हणतात आमच्या गावाला, पण माझ्या टेबलावरून गेलेल्या वस्तूबद्दल तसं कुणी म्हणू नये एवढंच मला पाहिजे.

म्हणून सांगतो, हिंगोलीच्या पोराला विकायची तर विक, मी अडवत नाही. पण नेक अशी आहे, ब्रिजचा पिकअप असा आहे, बाराव्या फ्रेटला सूर एवढा चढतो, हे सगळं बोट ठेवून सांग आणि मग भाव कर. सांगायला तुलाच माहीत नसंल तर आधी माहीत करून घे. आणि माझ्या हातात काही नाही असं परत म्हणू नको. तुझ्या हातात आहे का नाही हे पिळलेल्या किंवा घासणाऱ्या गिटारवर कुणालाच कळत नाही, मला नाही, तुला तर नाहीच. आधी गिटार बाजूला काढ या हिशोबातून. मग बघू.

रविवारी गंगाखेडवरून परभणीची गाडी धर आणि ये. रविवारी शटर अर्धं खाली असतं, पण मी आत असतो. तारा काढून आणू नको, ढिल्याही करू नको, आहेत तशाच सुरात लावून आण, नाहीतर मला नेक बघता येणार नाही. गोधडीतच गुंडाळ आणि डिकीत टाकू नको, मांडीवर घेऊन बस. वडलांनाही घेऊन ये, त्यांची नजर बाजाराची आहे, नेककडं डोळा कसा लावायचा ते एकदा दाखवलं की तुझ्या-माझ्या आधी त्यांना दिसंल. आणि त्या हिंगोलीच्या पोराला आजच मेसेज टाक, की थांब म्हणावं, अजून बघायचीय.

तुझा,
काका