विचारा बिनधास्त: महेश्वरला एक रात्र राहायचं तरी कशाला?

प्रश्न: ताई, पुण्याहून साडूभाऊ आणि मेहुणी शनिवारी येतायत, दोनच दिवस आहेत. मी महेश्वरचा प्लॅन केला, सकाळी निघायचं आणि संध्याकाळी परत, आपण सगळे इंदूरवाले करतो तसंच. बायको म्हणते रात्र राहायचं. गाव केवढंसं, एक किल्ला, एक घाट, दोन-चार देवळं, संपलं. हॉटेलचे पैसे कशाला घालवायचे? तुम्हीच सांगा तिला.
(एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर: सांगते, पण तिला नाही, तुम्हाला. तुमचा दिवस कसा जाणार ते आधी बघा. पाहुणे आहेत म्हटल्यावर पोहे-जलेबी झाल्याशिवाय घर सुटणार नाही, म्हणजे साडेनऊ-दहा. रस्ता नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर, मध्ये चहा, पोचेपर्यंत बारा-साडेबारा. म्हणजे घाट बघायची सगळ्यात वाईट वेळ तुम्ही शोधून काढलीत. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि महेश्वर दीडशेच्या आसपास, विंध्य उतरून दक्षिणेला निमाडात गेलं की हवाच बदलते. मी स्वतः हा शहाणपणा केलाय. आत्याला घेऊन मे महिन्यात दुपारी एक वाजता घाटावर गेले, देवळाच्या पायरीपाशी चपला काढल्या आणि परतताना त्या दगडावरून आत्या अक्षरशः उड्या मारत आली, सत्तर वर्षांची बाई. मग काय, रसवंतीत बसलो, एसी लावून परत. आत्या अजून म्हणते, महेश्वरला काय आहे, नुसतं ऊन.

आता तोच घाट संध्याकाळी बघा. पाच वाजून गेले की दगड निवायला लागतो, गावातली माणसं पायऱ्यांवर येऊन बसतात, पोरं पाण्यात, नावाडी शेवटच्या गिऱ्हाइकासाठी हाका मारतायत, वर किल्ल्याची भिंत पिवळी होत जाते. आपण उत्तर काठावर असतो आणि तोंड दक्षिणेला, नर्मदा पश्चिमेला वाहते, त्यामुळे सूर्य उजव्या हाताला, नदी जाते तिकडेच मावळतो आणि सकाळी डाव्या हाताला, वरच्या अंगाला उगवतो. एकाच पायरीवर बसून दोन्ही दिसतं, फक्त मधली रात्र तिथे काढावी लागते, बस एवढंच.

आणि सकाळी वर राजवाड्यात जा. नाव राजवाडा असलं तरी इंदूरचा सात मजली राजवाडा डोक्यात ठेवून गेलात तर पाहुणे विचारतील, हाच का? साधा मराठी वाडा आहे तो. चौक, भोवती ओसरी, लाकडी खांब, उतरतं छप्पर. पुण्याच्या माणसाला आजोळी आल्यासारखं वाटेल. तिथे अहिल्याबाईंची गादी आहे, पांढरी, बसकी, तक्क्याला टेकून बसायची, सिंहासन वगैरे नाही. ह्या जागेवरून १७६७ ते १७९५ कारभार चालला आणि हुकमावर स्वतःचं नाव नाही तर ‘श्रीशंकर’. काशी विश्वनाथाचं आजचं देऊळ ज्यांनी उभं केलं त्यांची बसायची जागा एवढीशी, हे बघायला तरी जावंच. सकाळीच जा असं म्हणतेय कारण तेव्हा तिथे लिंगार्चन असतं. ब्रह्मवृंद बसून काळ्या मातीची इवलीइवली शिवलिंगं करतात, पाटावर ओळीने हजारो, पूजा होते आणि मग सगळी नर्मदेत सोडून देतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. अहिल्याबाईंच्या वेळेपासूनचा नेम आहे. दुपारी गेलात तर रिकामे पाट दिसतील.

खाली घाटाकडे उतरताना अहिल्याबाईंची छत्री, म्हणजे स्मारक, लागते, तिच्यासमोर विठोजीची. लोक फोटो काढतात नि पुढे जातात, पण विठोजीच्या छत्रीच्या जोत्यावर हत्तींची रांग कोरलेली आहे तिथे जरा थांबा. विठोजी होळकर म्हणजे यशवंतरावांचा भाऊ, दुसऱ्या बाजीरावाने १८०१ साली पुण्यात त्याला हत्तीच्या पायी दिलं. कोरणाऱ्याच्या मनात काय होतं देव जाणे, पण हे माहीत असलं की ते हत्ती नुसती नक्षी राहत नाहीत. साडूभाऊ पुण्याचे आहेत म्हणताय, त्यांना तिथे नेऊन उभं कराच (आणि मग पुढचं भांडण तुमचं तुम्ही बघा).

पैशाचं म्हणाल तर साधी लॉज, धर्मशाळा सगळं आहे. किल्ल्यातल्या एका भागात होळकरांच्या वंशजांचं हेरिटेज हॉटेल आहे ते मात्र तुमच्या-माझ्या बजेटचं नाही, बाहेरून बघा. आणि हो, रात्र राहायची म्हणजे साडूभाऊंबरोबर ‘बसायचं’ असा बेत असेल तर तो विसरा, १ एप्रिल २०२५ पासून गावात दारूबंदी आहे.

प्रश्न: सासूबाईंना गाडी लागते. मानपूरकडून जावं की महूकडून जाम गेटवरून?
(एक सूनबाई, सुदामानगर)

उत्तर: अगं, मग मानपूरकडूनच जा. ए.बी. रोडने, म्हणजे आग्रा-मुंबई रस्त्याने, राऊ, मानपूर, धामनोद आणि धामनोदहून आत तेरा-चौदा किलोमीटर. रस्ता मोठा आहे. फक्त धामनोदच्या अलीकडे उतार आहे तिथे ट्रकांचे ब्रेक फेल व्हायचे अपघात इतके झालेत की ड्रायव्हरला न्यूट्रल टाकू देऊ नकोस, लोक डिझेल वाचवायला हे उद्योग करतात. महूकडचा रस्ता सुंदर आहे पण वळणं आहेत, सासूबाई दुसऱ्या वळणालाच पिशवी मागतील. पावसाळ्यात मात्र कोणालाच गाडी लागत नसेल तर जाम गेट चुकवू नये. १७९१ मध्ये बांधलेला दरवाजा आहे, माळव्याच्या पठाराच्या अगदी कडेला, त्याच्या कमानीतून खाली सगळं निमाड पसरलेलं दिसतं, ढग असले तर काहीच दिसत नाही आणि तेही छानच. बसने जाणार असाल तर धामनोदला उतरून बदलायची. रेल्वे महेश्वरला नाही.

प्रश्न: ताई, पहिल्या पगारातून आईला महेश्वरी घ्यायचीय, तिथूनच. पण हातमागाची कुठली आणि पॉवरलूमची कुठली हे मला काय कळणार? दुकानदार तर सगळ्यालाच हँडलूम म्हणतो.
(एक मुलगी, वडोदरा)

उत्तर: म्हणणारच. मलाही म्हणाला होता. दुकानाचं नाव नाही सांगत, चूक माझीच जास्त होती, शेवटच्या दहा मिनिटांत, गाडीचा हॉर्न वाजतोय आणि मी रंग बघून उचलली. घरी येऊन किनार उलटी केली तर मागे सगळे धागे लोंबतायत कापलेले. अस्सल महेश्वरीची किनार दोन्हीकडून नेसता येते, उलट-सुलट सारखी, तीच तिची खूण, म्हणून पहिल्यांदा साडी उलटी करून किनार बघ, मग रंग.

दुसरं, काठाच्या कडेला अगदी जवळून बघ, बारीक बारीक टोचल्यासारखी भोकं दिसतात. मागावर कापड आवळून येऊ नये म्हणून दोन्ही कडा ताणून धरायला आडवी काठी लावतात, तिच्या टोकाच्या सुयांच्या त्या खुणा. अगदी यंत्रासारखी एकसारखी वीण असेल तर शंका घ्यायला हरकत नाही. तिसरं, पदर. जुन्या पद्धतीच्या पदरावर पाच पट्टे असतात, तीन रंगीत, दोन पांढरे, एकाआड एक. अंगावर नक्षीचा पसारा नसतोच, साधं, बारीक चौकडा किंवा रेघा, सगळी हौस किनारीवर. तिथल्या नक्ष्यांची नावं विचार विणकरांना, मजा येते, चटाई, ईंट, हीरा, लहर, म्हणजे घाटावर आणि किल्ल्याच्या भिंतींवर जे दिसतं तेच काठावर उतरलंय. आता बहुतेक साड्यांत ताणा (उभा धागा) रेशमाचा आणि बाणा (आडवा) सुताचा असतो, म्हणून ती हलकी लागते आणि तरी चमक असते. पूर्वी नुसती सुती असायची.

आणि दुकानात शिरायच्या आधी माग बघून ये. अहिल्याबाईंनी बाहेरगावचे विणकर आणून वसवले, त्यातून हा धंदा उभा राहिला, मग मधे पार बसला होता. १९७०च्या दशकाच्या शेवटी होळकर घराण्यातले रिचर्ड आणि त्यांची बायको सॅली होळकर यांनी रेहवा सोसायटी काढली, गावातल्या बायका मागावर बसल्या आणि गाडं परत रुळावर आलं. रेहवा म्हणजे नर्मदाच, रेवा. मागावर बाई बसलेली असेल तर दहा मिनिटं नुसती उभी राहा, किती इंच पुढे सरकतं ते बघ. त्यानंतर तू घासाघीस करणार नाहीस, केलीस तरी थोडी कमी करशील. आईला साडी देताना किनार उलटी करून दाखव, नाहीतर ती कपाटात ठेवेल आणि तिला कळायचंच नाही.

प्रश्न: इंदूर असताना अहिल्याबाईंनी राजधानी महेश्वरला का नेली? नववीतल्या मुलाने विचारलं, मला नीट सांगता आलं नाही.
(एक बाबा, इंदूर)

उत्तर: आपल्याला आजचं इंदूर डोळ्यासमोर येतं म्हणून हा प्रश्न पडतो. तेव्हा इंदूर वाढत होतं, पण आजच्यासारखं सगळ्यांचं इंदूर नव्हतं. होळकरांची राजधानी म्हणून ते पक्कं झालं १८१८ नंतर, मंदसौरच्या तहाने. महेश्वर हे जुनं तीर्थ, नर्मदाकाठ, आणि घरातलं एकेक माणूस जात चाललेलं. नवरा खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीला तोफेच्या गोळ्याने गेला, सासरे मल्हारराव १७६६ मध्ये, मुलगा मालेराव दुसऱ्याच वर्षी.

मुलाला हेही सांगा. खंडेराव गेले तेव्हा त्या सती निघाल्या होत्या, मल्हाररावांनी विनवण्या करून थांबवलं. आणि १७९१ मध्ये त्यांचीच मुलगी मुक्ताबाई सती गेली, आई नको नको म्हणत असताना, महेश्वरलाच. जावई यशवंतराव फणसे. आजही तिथे एका घाटाचं नाव फणसे घाट आहे, लोक तिथे आंघोळ करतात, सेल्फी काढतात. पुस्तकात तलवार आणि देवळं असतात, हे मुलांना माहीत नसतं, पण नववीतल्या मुलाला समजतं.

परीक्षेसाठी हवं असेल तर जन्म ३१ मे १७२५, चौंडी, मृत्यू १३ ऑगस्ट १७९५. तिथीने श्रावण वद्य चतुर्दशी, इंदुरात शेजारच्या हिंदी पंचांगात मात्र तीच भादो वदी लिहिलेली असते, तेव्हा पालखीच्या दिवशी दोन महिन्यांवरून घरात वाद नको, दोघंही बरोबर.

प्रश्न: ग्वाल्हेरहून येतोय. दोन दिवसांत महेश्वर, मांडू, ओंकारेश्वर होईल ना?
(एक वाचक, ग्वाल्हेर)

उत्तर: होईल. आठवण मात्र गाडीच्या सीटची राहील. मांडू चाळीस किलोमीटर आहे, पण ते पावसाळ्यात करा, वेगळं. ओंकारेश्वरला गर्दीचा दिवस आला तर दर्शनातच अर्धा दिवस जातो. दोन दिवस महेश्वरलाच द्या, फार वाटलं तर आठ किलोमीटरवर मंडलेश्वर आहे, तिकडे चक्कर मारा. होडी ठरवून बाणेश्वराला जा, नदीच्या मधोमध एकटं उभं असलेलं छोटं देऊळ आहे. पुढे सहस्रधारेपर्यंतही जाता येतं, तिथे नर्मदा खडकांतून फुटून वाहते. भाडं बसायच्या आधी ठरवा, लाइफ जॅकेट मागून घ्या, नावाडी हसला तरी. घरात कोणी परिक्रमेत असेल तर मात्र त्यांना नावेत बसा म्हणू नका, परिक्रमावासी नर्मदा ओलांडत नाहीत. जेवणाचं विचारलं नाहीत तरी सांगते, अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी मिळाली तर सोडू नका, पनीर इंदूरलाही मिळतं.

प्रश्न: ताई, आमच्या ह्यांनी तुम्हाला महेश्वरबद्दल मेल केलाय तो मी त्यांच्याच फोनवर वाचला. उत्तर छापून यायच्या आत आम्ही जाऊन आलेले असू, खोली मी बुक केलीय. फक्त एवढंच कळवा, पहाटे घाटावर किती वाजता जायचं?
(तीच बायको, राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर: तुम्हाला मेलवर लगेच कळवलं होतं, इथे बाकीच्यांसाठी छापतेय. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी. अंगावर शाल, पायात चपला, आणि कपडे बदलायचे असतील तर एक जुनी चादर, आडोशाला धरायला. दोघी बहिणीच जा, पुरुषमंडळींना झोपू द्या, ते दहाला उठून पोहे शोधत येतील.