पक्कडीने दाबलेला कनेक्टर आणि पाटणचा पाऊस

प्रश्न : आमचे घर पाटण तालुक्यात आहे. गच्चीवरील डिशची केबल उंदरांनी कुरतडल्यामुळे कराडहून नवी आरजी-६ केबल व क्रिम्पचे (केबलवर दाबून बसवायचे) एफ कनेक्टर आणून मी ते पक्कडीने घट्ट दाबले. तरीही जरा ओढले की कनेक्टर हातात येतो आणि पावसात चित्र अडकते. काय चुकले असावे?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : पक्कड दोनच बाजूंनी दाबते, त्यामुळे कनेक्टरची नळी चपटी होते आणि कडेला फट राहते. क्रिम्पिंग टूलचा षटकोनी साचा तीच नळी सगळीकडून सारखी आवळतो. म्हणून हे हत्यार विकत नसेल तर उसने आणा, पण पक्कड वापरू नका. कनेक्टर आरजी-६चाच आहे ना, हेही पाहा, कारण आरजी-५९ ही केबल थोडी बारीक असते आणि दुकानात दोन्हींचे कनेक्टर एकाच डब्यात पडलेले असतात.

खरे कौशल्य सोलण्यात आहे. टोकाकडची साधारण सहा ते आठ मिलिमीटर मधली तार उघडी करावी आणि त्यामागे तेवढेच काळे आवरण काढून आतली बारीक तारांची जाळी मागे दुमडावी; पांढऱ्या फोमला चिकटलेले फॉइल मात्र तसेच ठेवावे. मधली तार बहुधा तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी असते आणि डिशचा सिग्नल त्या मुलाम्यातूनच वाहतो, म्हणून तिच्यावर पात्याचा ओरखडाही नको. कनेक्टर फोम आतल्या तळाला टेकेपर्यंत सरकवावा. तार नटाच्या कडेपुढे दोन-तीन मिलिमीटर दिसली की पुरे. जाळीचा केसाएवढा एक धागा जरी मधल्या तारेला टेकला, तरी त्याच तारेतून एलएनबीला (डिशसमोरच्या, सिग्नल पकडणाऱ्या डबीला) जाणारा १३ किंवा १८ व्होल्टचा पुरवठा शॉर्ट होतो. त्यामुळे सेट टॉप बॉक्सला जोडण्यापूर्वी, केबलची दोन्ही टोके मोकळी ठेवून, मधली तार आणि जाळी एकमेकींना टेकत नाहीत ना, हे मल्टिमीटरने तपासावे.

आता पावसाविषयी. मुसळधार सरीत चित्र जाऊन सर ओसरताच परत येत असेल, तर तो पावसाने सिग्नल क्षीण झाल्याचा परिणाम आहे, कनेक्टरचा दोष नव्हे. उघडीप मिळून अर्धा दिवस झाला तरी चित्र सुधारत नसेल, तर मात्र पाणी केबलमध्ये शिरले आहे असे समजावे आणि जाळी जिथपर्यंत काळवंडली असेल तिथपर्यंतची केबल कापून टाकावी. क्रिम्पचा सांधा जलरोधक नसतो, म्हणून तुमच्याकडच्या पावसात गच्चीवरच्या टोकाला मी कॉम्प्रेशन कनेक्टरच (लांबीच्या दिशेने दाबून घट्ट बसणारा) सुचवेन, जरी त्याचे हत्यार वेगळे लागते. शिवाय एलएनबीखाली केबलला एक झोल द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी सांध्याकडे न जाता तिथूनच ठिबकेल.