कॅमेरा बसमध्ये चढतो तेव्हा

प्रिय भाचीबाई,

तुझा मेल वाचला. डाउन सिंड्रोम असलेल्या तरुणांवरच्या रिअ‍ॅलिटी शोच्या स्टोरी टीममध्ये काम लागलं, अभिनंदन! ते आधीच करून टाकते, कारण पुढं बरंच टोचून बोलणार आहे. 'मावशी, तू इतकी वर्षं जॉब कोच होतीस, मी काय वाचू ते सांग,' असं विचारलंयस. वाचन नंतर. आधी 'बॉर्न धिस वे' पहिल्या भागापासून बघ आणि बघताना वही घेऊन बस. प्रत्येक प्रसंगात प्रश्न कुणाला विचारला आणि उत्तर कुणी दिलं, एवढंच टिपायचं.

ए अँड ई वाहिनीवर डिसेंबर 2015 मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला आणि 2019 मध्ये संपला. आपल्याच दक्षिण कॅलिफोर्नियात चित्रित झालेला, डाउन सिंड्रोम असलेल्या सात तरुण मंडळींचा. बनवणारी कंपनी बुनिम/मरे, म्हणजे 'द रिअल वर्ल्ड' आणि कार्दाशियन भगिनी घराघरांत पोचवणारी. ते नाव ऐकून मी नाकच मुरडलं होतं. भांडणं विकून मोठी झालेली मंडळी इथं काय दिवे लावणार! पण त्यांच्या त्या सवयीचाच इथं उपयोग झाला. ज्यांच्याकडं बघून लोक आजवर एकतर डोळे पुसायचे किंवा नजर वळवायचे, ती माणसं पडद्यावर बढाया मारताना, रुसताना, कुणावर तरी लाइन मारताना दिसली. जॉन टकर रॅप करतो आणि आपण स्टार आहोत याबद्दल त्याला तिळमात्र शंका नसते. मेगन बॉमगार्स टाय-डायच्या कपड्यांचा धंदा करते. 2016 चा एमी हा टीव्हीचा पुरस्कार त्यांना मिळाला तो दयेपोटी नव्हे, एवढं मी खात्रीनं सांगते.

एलिना ॲशमोरचे भाग मात्र घाईनं बघू नकोस. तिला आपलं डाउन सिंड्रोम मान्य करणं जड जातं, आणि ते ती बोलून दाखवते. तिची आई जपानी. मुलीच्या जन्मानंतर ते स्वीकारणं तिलाही सोपं गेलेलं नाही, आणि तीही ते लपवत नाही. आपल्याकडच्या कार्यक्रमात हे कापलं गेलं असतं. 'नेहमी आनंदी, निरागस, देवाची लेकरं' हे जे पालुपद आहे ना, त्याखाली अख्खा माणूस गाडला जातो. राग यायला माणूस मोठा व्हावा लागतो. तुझ्या टीममध्ये एखादीचा राग काढून टाकायची आणि त्या जागी पियानो वाजवायची गोष्ट निघाली, तर तोंड उघड. नवीन असलीस तरी.

आता माझ्या कामाचं सांगते, कारण तुमच्या कामाची खरी अडचण तिथंच आहे.

आम्ही जॉब कोच अशा तरुणांना कामावर एकट्यानं बसनं जायला शिकवायचो. पहिल्या दिवशी शेजारी बसायचं. काही दिवसांनी मागच्या सीटवर. मग बसच्या अगदी शेवटी, ओळख न दाखवता. मग बसमध्ये चढायचंच नाही, मागून गाडी चालवत जायचं. शेवटी थेट त्याच्या कामाच्या ठिकाणी जाऊन थांबायचं, आणि काही दिवसांनी तेही बंद. एक तरुण होता, ऑरेंज काउंटीत एका रेस्टॉरंटच्या मागच्या बाजूला भांडी धुण्याच्या मशीनवर काम करायचा. उतरायच्या स्टॉपची त्याची खूण म्हणजे टायरच्या दुकानाची पिवळी पाटी. दिसली की दोरी ओढायची. एके दिवशी दुकानानं पाटी बदलली, निळी केली. मी मागं गाडीत. त्याचा स्टॉप आला, बस थांबली नाही, पुढं निघाली. माझे हात स्टिअरिंगवर घट्ट. पुढच्या सिग्नलला मला खिडकीतून दिसलं की तो उठून ड्रायव्हरपाशी गेलाय आणि काहीतरी विचारतोय. पुढच्या स्टॉपवर उतरला, आजूबाजूला बघितलं, आणि आलेल्या रस्त्यानं उलटा चालत कामावर गेला. ड्रायव्हरला विचारायचं हे मी त्याला कधी शिकवलंच नव्हतं. माझ्या यादीत ते नव्हतं.

आता याच बसमध्ये तुमची टीम घाल. एक कॅमेरावाला, एक साउंडवाला, एक फील्ड प्रोड्युसर, कॉलरला माइक. ड्रायव्हर जास्तच गोड बोलणार. शेजारची बाई सावरून बसणार. स्टॉप चुकला तर तिघांपैकी एकाचा चेहरा बदलणार, आणि त्या तरुणाला तो लगेच वाचता येणार. माझ्या बरोबरची मुलं तरी माझा चेहरा पटकन वाचायची. म्हणजे तुम्ही स्वावलंबन टिपायला जाता आणि तिथं तीन माणसांची सोबत नेऊन ठेवता. कॅमेऱ्यासमोर कुणी एकटं नसतंच. 'पहिल्यांदा एकटा बसनं निघालेला अमुक' असा सीन या कार्यक्रमांत दिसला की मला हसू येतं.

मग काय, दाखवायचंच नाही? दाखव की. पण कॅमेरा आईच्या स्वयंपाकघरात ठेव. तो बसमध्ये आणि आई घरी. ती एकाच जागेवरचा ओटा पुन्हा पुन्हा पुसते, फोन उलटा ठेवते, परत सरळ करते. चार वाजून दहा मिनिटांनी मेसेज यायला हवा होता, चार वाजून वीस झाले. तिनं फोन करायचा की नाही? पंचविशीच्या मुलाचं स्वावलंबन बहुतेक वेळा आईच्या या दहा मिनिटांत ठरतं. 'बॉर्न धिस वे'नं हे ओळखलं होतं. आईवडील एकत्र जमून जेवताना, गप्पा मारताना बोलतात ते प्रसंग मला त्या कार्यक्रमातले सगळ्यात खरे वाटतात. मेगनला कोलोरॅडो सोडून कॅलिफोर्नियात राहायचं असतं, आईपासून लांब, आणि तिची आई स्वतः मुलीच्या हक्कांसाठी भांडणारी बाई असूनही तिला मुलीला सोडवत नाही.

आता वहीकडं ये. प्रश्न कुणाला, उत्तर कुणाचं. डाउन सिंड्रोममध्ये समजतं बरंच जास्त, बोलून दाखवता येतं त्या मानानं कमी, आणि शब्द जुळवायला वेळ लागतो. 'तुला कुठं राहायला आवडेल?' असं विचारलं की उत्तर यायला पाच सेकंद जातील, कधी दहा. एडिटरची बोटं तिथं शिवशिवतात. तो शांतता कापतो. मग काय होतं बघ. मूळ फुटेजमध्ये मुलगी विचार करत होती आणि आईनं तिच्या आधीच उत्तर देऊन टाकलं. कापलेल्या प्रसंगात असं दिसतं की मुलीला काही सांगायचंच नव्हतं, म्हणून बिचारी आई बोलली. तू लॉगिंग, म्हणजे फुटेज बघून कुठं काय आहे ते लिहून ठेवायचं काम, करणार आहेस ना? अशा शांतता वेळेसकट टिपून ठेव. कोण कुणाला बोलू देत नाही, ही गोष्ट त्या सेकंदांत आहे आणि ती आयती तुमच्या हार्ड डिस्कवर पडलेली असते. सबटायटलचंही तसंच. एकाच्या बोलण्याला द्यायची आणि दुसऱ्याच्या नाही, हे नको. सगळ्यांना द्या, आईबापांनासुद्धा. काही आईबाप इतकं पुटपुटतात की त्यांनाच जास्त गरज असते.

मोठा विषय पैशाचा, आणि तो या कार्यक्रमांत सगळ्यात कमी दिसतो. दिसायला रुक्ष, म्हणून. पण इथं घर सोडून राहण्याआड जिने आणि गॅसच्या शेगड्या येत नाहीत, कागद येतात. अपंगत्वामुळं ज्यांना एसएसआय, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांना संघराज्य सरकारकडून दरमहा मिळणारी मदत, मिळतं, त्यांच्या नावावर दोन हजार डॉलरपेक्षा जास्त शिल्लक राहता कामा नये. जोडप्याला तीन हजार. हे आकडे 1989 पासून हललेले नाहीत! दोघंही एसएसआयवर असतील आणि त्यांनी लग्न केलं, तर दोघांची मिळून कमाल रक्कम एकाच्या दीडपट होते, दुप्पट नाही. 'बॉर्न धिस वे'मध्ये क्रिस्टीना सॅन्झ आणि एंजल यांचं लग्न लागतं, आपण रुमाल काढतो. पण या राज्यात कितीतरी जोडपी अशी आहेत की ती लग्न न करता 'कमिटमेंट सेरेमनी' करतात, अंगठ्या घालतात, केक कापतात, आणि सही मात्र कुठंच करत नाहीत, कारण सही केली की महिन्याचं गणित कोसळतं. प्रेमकथा हवीय ना तुमच्या प्रोड्युसरला? ही घे. आईबाप टेबलाशी कॅल्क्युलेटर घेऊन बसलेत आणि समोर ते दोघं हातात हात घालून.

2014 च्या एबल कायद्यामुळं थोडा श्वास मिळाला, अपंग माणसाच्या नावानं खास बचत खातं उघडता येऊ लागलं. त्या खात्यात ठेवलेले पहिले एक लाख डॉलर एसएसआयच्या मर्यादेत धरत नाहीत. कितीतरी घरांना अजून हे माहीत नसतं. तुमचा कार्यक्रम एका वाक्यात हे सांगू शकला तर कितीतरी समुपदेशकांचं काम होईल.

कॅलिफोर्नियाची पार्श्वभूमीही समजून घे, नाहीतर सगळं आईबापांच्या जिद्दीचं श्रेय होऊन बसेल. 1969 चा लँटरमन कायदा आहे. त्यानुसार बौद्धिक किंवा विकासात्मक अपंगत्व असलेल्या माणसाला लागणाऱ्या सेवा हा त्याचा हक्क आहे. त्या मिळवून द्यायला राज्यात 21 रीजनल सेंटर आहेत. माझ्यासारखे जॉब कोच, घरी येऊन बँकेचे व्यवहार आणि स्वयंपाक शिकवणारे, हे सगळे तिथून येतात. पडद्यावर जो तरुण 'स्वतःच्या पायावर' उभा दिसतो, त्याच्या मागं पगार घेणारी तीनचार माणसं असू शकतात. त्यात कमीपणा काही नाही. लपवण्यात आहे. कामाच्या मोबदल्याचंही बघ: 1938 च्या संघराज्य कायद्यातल्या एका कलमामुळं अपंग कामगाराला किमान वेतनापेक्षा कमी पैसे द्यायची मुभा होती. आपल्या राज्यात 2021 मध्ये त्याविरुद्ध कायदा झाला आणि 2025 च्या सुरुवातीपासून ते बंद. कुणी पात्र आनंदानं 'मला पगार मिळतो' म्हणालं, तर ताशी किती, हे विचार. कमी वाटलं तर का कमी, तेही.

सहीचं सांगते, मग मराठी घरांचं, मग संपवते.

रिलीज फॉर्मवर, म्हणजे चित्रण दाखवायला परवानगी देणाऱ्या कागदावर, सही कुणाची? अठरा वर्षं पूर्ण झाली आणि कोर्टानं दुसऱ्या कुणाला पालकत्व, म्हणजे त्याच्या वतीनं निर्णय घ्यायचा अधिकार, दिलेलं नसेल, तर सही त्या तरुणाची. आईची नव्हे. प्रोड्युसर सवयीनं कागद आईपुढं सरकवतात आणि आईही सवयीनं सही करते. इथं 2023 पासून असा कायदा आहे की पालकत्वाची पायरी चढण्याआधी मदत घेऊन स्वतः निर्णय घेण्याचा मार्ग तपासला गेला पाहिजे. म्हणजे विश्वासातलं माणूस शेजारी बसतं, सोप्या भाषेत समजावून सांगतं, आणि ठरवतो तोच. तुम्हीही तसंच करा. फॉर्म सोप्या इंग्रजीत लिहून घ्या. 'हे टीव्हीवर येईल, तुझा बॉस बघेल, तुझी जुनी गर्लफ्रेंड बघेल, आणि दहा वर्षांनीही लोक बघतील' असं मोठ्यानं वाचून दाखवा. एकदा 'हो' म्हटलेल्याला आठवड्यानं पुन्हा विचारा. पुष्कळांना समोरच्याला खूश करायची सवय लावलेली असते, लहानपणापासून, थेरपीच्या नावाखाली. त्यांचा पहिला होकार हा बहुतेक वेळा शिष्टाचार असतो.

तू लिहिलंयस की प्रोड्युसरला एखादं भारतीय कुटुंब हवंय आणि तुझ्यावर ती जबाबदारी आलीय. आपल्या मंडळातली दोन घरं तुला माहीत आहेत, म्हणून तू माझ्याकडं नंबर मागतेस. मी देणार नाही. मीच त्यांना विचारीन, आणि आधी आईबापांना नाही, ज्यांच्यावर शूटिंग व्हायचं त्यांना. त्यातली एक मुलगी बत्तीस वर्षांची आहे आणि घरात सगळे तिला अजून 'बेबी' म्हणतात. ती किराणा दुकानात काम करते, सुट्टे मोजते, पण गणपतीला पाहुणे आले की तिला आतल्या खोलीत टीव्ही लावून देतात. तिचे वडील सत्तरीला टेकलेत. 'आमच्या मागं हिचं कसं?' हे त्यांनी मला कितीदा विचारलंय. 1983 च्या सुमारास या देशात डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुष्य पंचवीसच्या आसपास होतं, आता साठीच्या घरात गेलंय. म्हणजे बहुतेक घरांत लेक आईबापांच्या मागं उरणार. हा हिशेब त्यांना कळतो, पण कॅमेऱ्यापुढं बोलायला ते तयार होणार नाहीत. ती मात्र होईल असं वाटतं. तिला जॉन टकर फार आवडतो.

ती 'हो' म्हणाली, तर शूटिंगच्या आधी तुझ्या कंपनीच्या पगार विभागाला एक मेल टाक: मानधन कसं आणि कोणत्या महिन्यात देणार? कामाचं उत्पन्न महिन्याला 85 डॉलरच्या वर गेलं की वरच्या दर दोन डॉलरमागं एसएसआयमधून एक कापला जातो. सगळे पैसे एकदम खात्यात आले आणि शिल्लक दोन हजारांच्या वर गेली, तर एसएसआय थांबूही शकतं. ती रक्कम एबल खात्यात कशी ठेवायची, हे तिच्या घरी बसून समजावून द्यायला लागेल. शनिवारी माझ्याकडं ये, तुला फॉर्म दाखवते. येताना तुझ्या कंपनीचा रिलीज फॉर्मही आण. लाल पेन माझ्याकडं आहे.

तुझी,
मावशी