अमिगा ५०० ला पीसीचा नऊ पिनांचा माऊस चालेल का? आणि ट्रॅकबॉल?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचा अमिगा ५०० हा जुना घरगुती कॉम्प्युटर माळ्यावरून काढला, वर्कबेंच (त्याचा खिडक्या-चित्रांचा पडदा) सुरू होतं, पण माऊसचा बाण फक्त आडवा सरकतो. वर-खाली न्यायला गेलं की जागच्या जागी थरथरतो. घरात जुन्या पीसीचा नऊ पिनांचा माऊस आहे, त्याचा प्लग बसतोय, तर लावू का?

नका लावू. प्लग बसतो, एवढंच दोघांत साम्य आहे. पीसीचा सिरियल माऊस हालचालीचा हिशोब स्वतः करतो आणि सेकंदाला १२०० बिट या वेगाने तीन-तीन बाइट धाडतो. अमिगाचा माऊस असलं काहीच करत नाही. आतला गोळा दोन रूळ फिरवतो, प्रत्येक रुळाला फटींचं चाक, चाकाच्या एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी आणि दुसऱ्या बाजूला दोन सेन्सर. फटी सरकल्या की दोन स्पंद (विजेचे छोटे ठोके) निघतात, एक जरा पुढे, एक जरा मागे. आधी कोणता आला यावरून दिशा कळते, आणि मोजणी कॉम्प्युटरमधली चिप करते. माऊसमध्ये डोकं नाही, म्हणूनच तो घरी दुरुस्त होतो. मला हे यंत्र त्यासाठीच फार आवडतं.

तुमचं ते थरथरणं फार कामाचं लक्षण आहे. दोनपैकी एक स्पंद मेला की कॉम्प्युटर एक घर पुढे, एक घर मागे असं मोजत राहतो. रुळांवर मळ असेल तर बाण अडखळतो, पण असा थरथरत नाही. वर-खालीचे स्पंद प्लगच्या १ आणि ३ नंबरच्या पिनांवर येतात. मल्टिमीटर बीपवर ठेवा (वायर अखंड असली की तो वाजतो), या दोन पिनांपासून आतल्या बोर्डापर्यंत वायर तपासा आणि तपासताना वायर हलवत राहा. माझ्या माऊसची वायर जिथे पोटात शिरते तिथेच आतून तुटली होती. दोन इंच कापून पुन्हा सोल्डर केली, आजही चालतो. वायर धड निघाली तर सेन्सरवरची धूळ पुसून बघा. आमच्या सिडकोत उन्हाळ्यात धूळ कुठेही शिरते.

तोवर अडून राहू नका. कीबोर्डवरचं अमिगाचं (A चं चिन्ह असलेलं) बटण दाबून बाणांची बटणं दाबली की पडद्यावरचा बाण सरकतो. डावं अमिगा आणि डावं ऑल्ट एकत्र दाबलं की डावा क्लिक.

कुणी अटारी एसटीचा, म्हणजे त्याच काळातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरचा, माऊस देऊ केला तर घ्या. तोही स्पंदांचाच आहे, फक्त १ आणि ४ नंबरच्या वायरींची अदलाबदल करावी लागते.

आता ट्रॅकबॉल. माझी सुरुवात पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने १९८८ मध्ये आणलेल्या स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरवर झाली. त्याला माऊसचं पोर्टच नव्हतं, आणि टेबलावर माऊस फिरवायला जागाही नव्हती. ट्रॅकबॉलचं वेड तेव्हापासूनचं. तत्त्व तेच, गोळा वर आणि रूळ खाली. पण अटारीचा जुना सीएक्स २२ हा ट्रॅकबॉल घेऊ नका. तो एका वायरवर दिशा आणि दुसरीवर हालचाल सांगतो, ते अमिगाला कळत नाही. खालचं बटण जेएसवर (जॉयस्टिकवर) सरकवलं तर तो निव्वळ जॉयस्टिक होतो. त्यापेक्षा पीएस/२ चा (पीसीच्या जुन्या गोल प्लगचा) ट्रॅकबॉल आणि मध्ये स्पंद तयार करणारा अॅडॉप्टर घ्या. यूएसबीचेही असे अॅडॉप्टर मिळतात. घेताना वेग कमी करायची सोय आहे का ते जरूर विचारा. अमिगाचा मोजणारा आकडा ० ते २५५ एवढाच, आणि आपल्याकडच्या पाल (आपल्या टीव्हीच्या पद्धतीच्या) मशीनवर तो सेकंदाला ५० वेळा वाचला जातो. दोन वाचनांत १२७ च्या पुढे गेलात की बाण उलटा धावतो.

आणि काहीही लावताना-काढताना आधी कॉम्प्युटर बंद करा. या पोर्टांमागच्या चिप जुन्या आहेत, बदली मिळणं कठीण.